कापडाची उलटी बाजू

विकणारा साडीचा पदर झटकून माझ्यासमोर पसरतो, तेव्हा मी ती साडी त्याच्या हातातून घेते आणि आधी उलटी करते. गेली बारा-तेरा वर्षे मुंबईत जुने कपडे विकत घेताना मला लागलेली ही सवय आहे, आणि आज जे लिहायचे आहे ते तिच्याविषयीच आहे. सुलटी बाजू विकण्यासाठी तयार केलेली असते. ती धुऊन, इस्त्री करून, डाग आतल्या घडीत जातील अशा बेताने मांडलेली असते. उलट्या बाजूला सहसा कोणी हात लावत नाही, त्यामुळे विणकराने जोड कुठे घेतला, नेसणारीने टाके कुठे घातले, कसर कुठे लागली आणि कापडाचा मूळ रंग कोणता होता, हे सगळे तिथे जसेच्या तसे राहिलेले असते.

मागच्या उन्हाळ्यात घेतलेल्या एका इरकल साडीचे उदाहरण देते. भेंडी बाजार आणि नळ बाजार यांच्या मधल्या मटण स्ट्रीटवरची, म्हणजे चोर बाजाराची, पक्की दुकाने शुक्रवारी बंद असतात, आणि त्याच दिवशी पहाटेपासून आसपासच्या रस्त्यांवर जुन्या वस्तूंचा बाजार जमिनीवर भरतो. याला जुम्म्याचा बाजार म्हणतात. अंधार असतानाच लोक मोबाइलचे टॉर्च घेऊन गठ्ठ्यांवर वाकलेले असतात. कपड्यांच्या बाबतीत हा टॉर्च फार उपयोगी पडतो, कारण कापडाच्या मागून उजेड टाकला की विरलेली जागा लगेच चांदणीसारखी चमकते, आणि उजेड बाजूने तिरपा टाकला की रफूचे टाके उठून दिसतात. दिवसाच्या लख्ख उन्हात या दोन्ही गोष्टी लपून जाऊ शकतात.

ती इरकल नऊवारी होती, अंग गर्द हिरवे, काठ आणि पदर लाल, पदरावर इरकलीत असतात ते पांढरे दाते. ही साडी मूळची बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलची. सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडच्या बायकांच्या अंगावर ती पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली आहे. जुन्या इरकलीच्या अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, सुती आणि पदराचा रेशमी असे; हे दोन वेगळे ताणे मागावरच एकमेकांत फासे अडकवून जोडले जातात आणि या जोडाला विणकर कोंडी म्हणतात. साडी उलटी करून पदर सुरू होतो तिथे अंगठा फिरवला, की एक बारीक, सरळ कंगोरा हाताला लागतो. छापील नकलेत तो नसतो. माझ्या हाताला तो लागला आणि साडी हातमागाची आहे याची खात्री पटली. मग मी ती पुढे उलगडत गेले, तर कमरेजवळ येणाऱ्या भागात, जिथे नऊवारीची गाठ बसते आणि कापडावर सगळ्यात जास्त ताण येतो, तिथे तळहाताएवढ्या जागेत तीन वेगवेगळ्या वेळी केलेली दुरुस्ती दिसली. पहिले टाके हिरव्याच दोऱ्याचे, इतके बारीक की सुलट्या बाजूने दिसतही नव्हते. दुसऱ्या वेळी वापरलेला दोरा जरा फिकट होता. तिसऱ्या वेळी मात्र घरात असेल तो काळा दोरा घेतला होता आणि टाकेही मोठे होते, बहुधा डोळ्यांना दिसेनासे झाल्यावर घातलेले.

साडी विकणाऱ्या मावशींनी सातशे रुपये सांगितले. मी दुरुस्तीची जागा दाखवली, त्यांनी ती पाहिली आणि "ताई, तुला दिसलं म्हणजे तू नेसायला घेतेस, कापायला नाही," असे म्हणून साडेपाचशेला दिली. या वाक्याने मला फार बरे वाटले. ते त्या का म्हणाल्या, याकडे पुढे येते.

मुंबईतल्या जुन्या कपड्यांची वाट बहुतेक वेळा घराच्या दारातून सुरू होते. आपण जिला बोहारीण म्हणतो, ती डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन येणारी बाई. तिला जुने कपडे द्यायचे आणि तिच्याकडून पातेले, डबा, परात घ्यायची. हा व्यवहार करणाऱ्या बऱ्याच बायका गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजातल्या आहेत आणि तो त्यांनी आईकडून लेकीकडे असा पुढे नेलेला आहे. घरोघरी फिरून जमवलेला माल त्या स्वतः वेचतात: धडके कपडे वेगळे, दुरुस्त करून विकण्याजोगे वेगळे, यंत्रे पुसायला गॅरेजात जाणाऱ्या चिंध्या वेगळ्या, आणि रेशीम व जर अगदी वेगळी. कापड चिमटीत धरून ते सुती आहे, टेरिकॉट आहे की रेशीम, हे त्या न बघता सांगतात. आपण जुन्या कपड्यांना व्हिंटेज हे नाव अलीकडे द्यायला लागलो. ते ओळखण्याचे खरे ज्ञान या बायकांकडे कितीतरी आधीपासून आहे, आणि त्याची कदर व्हावी तशी झालेली नाही. त्यांच्याकडून घेताना मी कपड्याच्या किमतीवर घासाघीस करते, पण फार ताणत नाही. पहाटे तीन-चारला उठून गठ्ठा वाहून आणलेला असतो.

जरीची साडी वेगळी का निघते, हे माझ्या आजीला माहीत नव्हते. तिने तिचा लग्नातला शालू १९७० च्या सुमारास बोहारणीला देऊन स्टीलचा एक मोठा डबा घेतला. त्या काळात स्टील घरात नवे होते आणि पितळेला कल्हई लावून लावून बायका थकलेल्या होत्या, त्यामुळे तिचा निर्णय मला आजही समजतो. खरी जर म्हणजे चांदीची तार चपटी करून रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली आणि वरून सोन्याचा मुलामा दिलेली. अशी साडी नेसण्याजोगी राहिली नाही की ती वजनावर विकली जाते, जाळली जाते आणि राखेतून चांदी काढली जाते. चांदीचा भाव चढतो तेव्हा धडधाकट साड्याही या वाटेला जातात. शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी महिनोन्‌महिने मागावर बसून विणलेला पदर काही मिनिटांत मूठभर धातू होतो, आणि त्यात कायद्याने चूक असे काही नाही, तरी मला ते सहन होत नाही.

खरी जर ओळखण्यासाठीही साडी उलटीच करावी लागते. काठाच्या मागे जरीचा एखादा सुटा धागा सापडतोच. तो नखाने हलकेच खरवडला की वरचा धातू बाजूला होतो आणि आत लालसर किंवा पिवळे रेशीम दिसते. नकली जरीत चांदीच्या जागी तांबे असते आणि ते जुने झाले की लालसर पडते किंवा हिरवट डाग धरते. चांदी मात्र काळवंडते. त्याहून अलीकडची प्लास्टिकची जर कितीही वर्षे झाली तरी तशीच चकचकीत राहते, आणि जुन्या साडीत ती दिसली तर काठ नंतर बदललेला आहे असे समजावे. पैठणीच्या बाबतीत तर उलटी बाजू हीच परीक्षा असते. हातमागावरच्या पैठणीच्या पदरावरचे मोर, मुनिया किंवा आसावलीची वेल हे रंगीत धागे नक्षीपुरतेच गुंफून विणलेले असतात, त्यामुळे पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो. मागच्या बाजूला मोकळे धागे लोंबत असतील किंवा ते कापून टाकल्याचे केसाळ ठसे असतील, तर ती पैठणी त्या पद्धतीची नव्हे, विकणारा काहीही म्हणो.

सदऱ्यांकडे आणि शर्टांकडे लोक फारसे पाहत नाहीत, आणि मला वाटते तिथे मुंबईचा सगळ्यात मोठा ठेवा पडलेला आहे. या शहरातली पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये उभी करायला घेतली गेली आणि पुढची सव्वाशे वर्षे इथले पॉपलिन, व्हॉइल, मांजरपाट देशभर गेले. खटावचे व्हॉइल माझ्या आईच्या पिढीच्या बायकांना अजून आठवते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. त्यानंतर बऱ्याच गिरण्या पुन्हा धडपणे उभ्या राहिल्या नाहीत. गिरणगावातल्या त्या कापडाचे जे शर्ट आज रस्त्यावर पन्नास-शंभर रुपयांना मिळतात, तेवढेच आता उरले आहेत, आणि दरवर्षी त्यांतले कितीतरी चिंध्यांच्या गठ्ठ्यात जातात.

असा एक पांढरा पॉपलिनचा शर्ट माझ्याकडे आहे. कॉलरच्या आत गिरगावातल्या एका शिंप्याचे विणलेले लेबल आहे. त्यावर दुकानाच्या नावाखाली बॉम्बे ४ असे लिहिले आहे आणि शेजारी सहा आकडी टेलिफोन नंबर आहे. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्याआधी मुंबईच्या टपालविभागांना असे साधे आकडे होते, आणि त्यातला ४ पुढे ४००००४ झाला. तेव्हा हे लेबल १९७२ च्या आधीचे, किंवा शिंप्याने लेबलांचा जुना साठा संपेपर्यंत वापरला असेल तर त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतले. कपड्याचा काळ असा अंदाजाने पण आधाराने ठरवता येतो, आणि विकणाऱ्याने "पन्नास साल पुराना" म्हटल्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा ते केव्हाही चांगले. लेबलावर पत्ता मुंबई या नावाने इंग्रजीत असेल, तर शर्ट १९९५ नंतरचा असण्याची शक्यता जास्त. दूरध्वनी क्रमांक आठ आकडी असेल तर तो या शतकातला.

त्या शर्टाची कॉलर मी उलगडून पाहिली, तेव्हा आतल्या कापडावर मानेच्या घामाने पडलेली पिवळसर, झिजलेली रेघ होती, आणि वरचे कापड मात्र कोरे होते. कॉलर उलटवलेली होती. पूर्वी कॉलरची घडी घासून फाटली की शिंप्याकडे नेत. शिंपी ती उसवायचा, आतली बाजू बाहेर करायचा आणि पुन्हा शिवायचा, म्हणजे शर्ट आणखी दोन-तीन वर्षे चाले. हे काम करणारा शिंपी आता शोधावा लागतो. उलटवलेल्या कॉलरीचा टाका मूळ टाक्यापेक्षा किंचित आत सरकलेला असतो, आणि जुनी भोके हलकीशी दिसतात; एकदा पाहिले की ते नजरेतून सुटत नाही. शर्टाची बटणे शिंपल्याची आहेत. ती ओळखायला गालाला लावून पाहावीत, प्लास्टिकपेक्षा थंड लागतात, आणि त्यांची मागची बाजू बहुधा अगदी सपाट नसते, तिथे शिंपल्याच्या सालीचा तपकिरी खडबडीतपणा थोडा राहिलेला असतो.

दागिन्यांच्या आणि इतर किरकोळ वस्तूंच्या बाबतीत माझे म्हणणे थोडके आहे. साधी वस्तू घ्यावी आणि रोज वापरता येईल अशीच घ्यावी. सदऱ्याची साखळीत ओवलेली चांदीची बटणे, कापडी बटवा, पितळी बक्कल असलेला पट्टा, अ‍ॅसिटेटची चष्म्याची जाड फ्रेम, यांतले काहीही नव्याच्या तुलनेत टिकाऊ असते. चांदीची बटणे विकणारे वजनावर विकतात. जुन्या चांदीवर बहुधा कोणताही छाप नसतो, म्हणून घेण्याआधी ओळखीच्या सराफाकडे कसोटीवर घासून घेण्याची सवलत मागावी, आणि विकणारा ती देत नसेल तर वस्तू ठेवून पुढे जावे. चष्म्याच्या फ्रेमची काडी उघडमीट करून बिजागरी पाहावी, आणि आतल्या बाजूने पांढरी भुकटी सुटत असेल तर ती घेऊ नये, ती आतून चिरत चाललेली असते. बुटांसाठी कामाठीपुऱ्याजवळची डेढ गल्ली शुक्रवारी पहाटे प्रसिद्ध आहे. मी तिथे दोनदा गेले. चामडे मला नीट पारखता येत नाही, म्हणून तिच्याबद्दल इथेच थांबते.

घड्याळाने मला एकदा फसवले, ते सांगायलाच हवे, कारण उलटी बाजू पाहायची सवय मी नेमकी तिथे मोडली. एचएमटी या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळे बनवायला सुरुवात केली, आणि जनता, पायलट, सोना ही चावीची घड्याळे एका पिढीच्या मनगटावर राहिली. २०१६ मध्ये सरकारने ती घड्याळकंपनी बंद करायचा निर्णय घेतल्यावर जुन्या घड्याळांची मागणी एकदम वाढली. माझ्या वडिलांकडे जनता होते, ते हरवले, म्हणून एका फेरीवाल्याकडे गडद नारिंगी तबकडीचे पायलट दिसताच मी ते अठराशे रुपयांना घेतले. घरी आणून वडिलांना दिले, त्यांना आनंद झाला, आणि महिन्याभरात ते बंद पडले. दादरच्या घड्याळजीने मागचे झाकण उघडून भिंगाखाली मला दाखवले: तबकडी पुन्हा रंगवलेली, अक्षरांच्या कडा पसरलेल्या, काटे दुसऱ्या कुठल्या घड्याळाचे, आतले यंत्र तेवढे खरे. जगभरच्या घड्याळ जमवणाऱ्यांमध्ये अशा जोडकामाला मुंबई स्पेशल असे नाव पडलेले आहे, हे मला नंतर कळले, आणि आपल्या शहराच्या नावाने ते ओळखले जावे याचे वाईट वाटले. जुने घड्याळ आतला भाग उघडून दाखवणाऱ्याकडूनच घ्यावे. घड्याळजीने साफसफाई करून ते चालू केले आहे, आणि वडील ते वापरतात. फक्त ते काय आहे हे आता आम्हा दोघांनाही माहीत आहे.

आता मावशींच्या वाक्याकडे येते. जुन्या साड्या घेणाऱ्यांमध्ये हल्ली एक मोठा वर्ग कापण्यासाठी घेणाऱ्यांचा आहे. पैठणीच्या पदराचे जाकीट, इरकलीच्या काठाची पर्स, नऊवारीचे दोन झगे. माझ्या मैत्रिणींमध्येही हे करणाऱ्या आहेत, आणि त्यांचे म्हणणे असे की साडी कपाटात कुजण्यापेक्षा अंगावर आलेली बरी. ते म्हणणे मी नाकारत नाही. जुन्या कापडाचे तुकडे करून नवे काही करणे हे आपल्याकडे परकेही नाही. गोधडी आणि वाकळ यापासूनच तर झाल्या, आणि आजीच्या लुगड्याच्या गोधडीत झोपलेल्या माणसाने कात्रीबद्दल सरसकट तक्रार करू नये. फरक मी एका ठिकाणी करते. गोधडीसाठी लुगडे तेव्हाच फाडले जायचे, जेव्हा ते नेसण्यापलीकडे गेलेले असे. आज अखंड, नेसता येईल अशी साडी केवळ पदर सुंदर आहे म्हणून कापली जाते, आणि उरलेले सात वार अंग रद्दीत जाते. कोंडीचा तो कंगोरा कात्रीने गेला की दोन ताणे कसे जोडले होते हे परत कुणालाही पाहता येत नाही. म्हणून माझा नियम असा आहे की विरलेली, घड्यांवर चिरलेली साडी मीही कापायला देईन, पण उजेडापुढे धरल्यावर जिच्या अंगात दोन-तीनपेक्षा जास्त छिद्रे नाहीत तिला हात लावू देणार नाही.

घड्यांवर चिरणे ही जुन्या रेशमाची मोठी दुखापत आहे आणि ती आपल्याच निष्काळजीपणामुळे होते. साडी वर्षानुवर्षे एकाच घडीत ठेवली की त्या रेघांवर रेशीम ठिसूळ होते आणि एक दिवस हात लावताच फाटते. वर्षातून दोनदा तरी घडी मोडून दुसरीकडे घालावी. हँगरवर जुनी साडी टांगू नये, तिच्या स्वतःच्या वजनाने ती ताणली जाते. जर असेल तर धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळावी, प्लास्टिकच्या पिशवीत कधीच ठेवू नये, आणि डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत. मी वेखंडाचे तुकडे मलमलीच्या पुरचुंडीत बांधून कपाटात ठेवते. वास उग्र असतो पण कसर लागलेली नाही.

हिरवी इरकल मी रफूवाल्या चाचांकडे नेली. ते साठीच्या पुढचे आहेत, आणि त्यांची पद्धत अशी की नवा दोरा न वापरता साडीच्याच दशांमधून, म्हणजे टोकाच्या मोकळ्या राहिलेल्या धाग्यांमधून, एकेक धागा ओढून काढायचा आणि त्यानेच विणत जायचे, म्हणजे रंग आणि पीळ दोन्ही जुळतात. त्यांनी साडी उलटी केली, तिन्ही दुरुस्त्या पाहिल्या आणि काळ्या दोऱ्याचे टाके काढायचे का, असे विचारले, कारण ते मोठे असल्यामुळे कापड ओढले जात होते. मी म्हटले, फिकट आणि हिरवे तसेच ठेवा, काळे तेवढे काढा. नऊ दिवसांनी साडी मिळाली, चारशे रुपये घेतले. काळे टाके होते तिथे आता सुपारीएवढी जागा किंचित घट्ट लागते, बाकी काही कळत नाही.

आईने मला ती नेसवली. काष्टा कुठून घ्यायचा हे तिलाही आधी आठवेना, मग हातांना आपोआप आठवले. गाठ बरोबर त्या दुरुस्तीच्या जागेवर आली, तेव्हा तिने ती सोडली, चार बोटे पुढे सरकवली आणि पुन्हा बांधली.